सुंभाची गाठ

अब्बांच्या हातची गाठ कधी सुटत नाही, ही आमच्या घरातली जुनी बढाई. तांदळाची गोणी असो, आंब्याची पेटी असो, नाहीतर बकरी ईदच्या बकऱ्याचे दावे असो. अब्बांनी सुंभाचा वेढा घालून एकदा गाठ मारली की मोहल्ल्यातले लोक म्हणत, "झाले! आता हे कयामतीपर्यंत हलायचे नाही." घरात मुलगा नव्हता. आम्ही थोरल्या, म्हणून दावे वळायला, गाठ मारायला, गोणीचे तोंड शिवायला त्यांनी आम्हालाच शिकवले. (घरी 'हम' म्हणायची सवय, ती मराठी लिहिताना 'आम्ही' होऊन येते. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये.) अब्बा गेले, त्यांची गाठ तेवढी आमच्या हातात राहिली, असे आम्ही शाळेतल्या सहकाऱ्यांनाही अभिमानाने सांगत असू.

ती गाठ २०२४ च्या मे महिन्यात सुटली. सुटली तीही इंग्लंडात, एम-सिक्स नावाच्या महामार्गावर, ताशी साठ मैलांनी धावणाऱ्या गाडीच्या पाठीमागे. त्या गाठीने आमच्या भाचीची सायकल बांधलेली होती.

आमची धाकटी बहीण लग्न होऊन बर्मिंगहॅमला गेली, त्याला आता बरीच वर्षे झाली. आमच्या कोकणातली पुष्कळ घरे त्या शहरात आहेत. अम्मीला लेकीचा संसार बघायचा होता, पण गुडघ्यांमुळे एकटीला विमानात बसवण्याचा धीर होईना. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी आम्ही रजेची जुळवाजुळव केली आणि अम्मीला घेऊन निघालो. शाळेतल्या बायका म्हणाल्या, "मजा आहे बाई तुमची!" मजा होतीच. पण त्या मजेतले जे घेऊन आलो, ते बॅगेत मावणारे नव्हते.

धाकटीच्या मिस्टरांनी एक जुने मोटरहोम विकत घेतले होते. आपल्याकडे हा प्रकार अजून फारसा दिसत नाही. पुढून टेम्पो आणि मागून घर, असे त्याचे रूप. आत चूल, फ्रीज, बसायचे बाक, त्या बाकांच्याच होणाऱ्या खाटा, आणि एका कोपऱ्यात उभे राहण्यापुरती मोरी. गाडीच्या पाठीच्या भिंतीवर अ‍ॅल्युमिनियमची एक चौकट बोल्टांनी पक्की केलेली. तिच्या खालच्या भागात चार पन्हळी, एकेका पन्हळीत एकेक सायकल उभी राहायची. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. तेव्हा विंडरमियरच्या तळ्याकडे जायचे, आणि चौघांच्या चार सायकली मागे लावून न्यायच्या, असा बेत ठरला. भाचीने तर उशीखाली सायकलची घंटा घेऊन झोपायला सुरुवात केली होती.

निघण्याच्या आधी मेहुण्यांनी गाडी वजनकाट्यावर नेली. हे आम्हाला नवल वाटले. आपल्याकडे वजनकाटा म्हणजे उसाचा नाहीतर भंगाराचा. पण या गाडीची सामानसुमान आणि माणसांसकट कमाल मर्यादा साडेतीन हजार किलो होती. त्यातही मागच्या चाकांच्या आसावर दोन हजारांपेक्षा जास्त भार चालत नव्हता. आम्ही सहाजण आपापल्या जागी बसलो आणि गाडी काट्यावर चढली. अम्मी म्हणाल्या, "या वयात ट्रकच्या काट्यावर बसायचे राहिले होते, तेही झाले." एकूण भरले ३,३९० किलो. पुढच्या आसावर १,५२० आणि मागच्यावर १,८७०.

मेहुणे म्हणाले, "चार सायकली मिळून पन्नास किलो. म्हणजे मागे १,९२० होतील. चालेल."

इथे आमच्यातली शिक्षिका जागी झाली. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. मराठी पुस्तकातली तरफ, उर्दू पुस्तकातला बैरम, दरवर्षी फळ्यावर काढून हात बसलेला. आम्ही म्हटले, "थांबा. सायकली मागच्या चाकांवर नाहीत, त्यांच्याही मागे लटकणार आहेत. मागचा आस म्हणजे टेकू. टेकूच्या पलीकडे वजन टांगले की अलीकडचे टोक उचलले जाते." मग वजनाच्या पावतीच्या पाठीमागे आम्ही आकृती काढली. पुढच्या आसापासून मागचा आस ३.८ मीटर. मागच्या आसापासून सायकलींची चौकट २.३ मीटर. पन्नास किलोंना २.३ ने गुणून ३.८ ने भागले की साधारण तीस येतात. हे तीस किलो पुढच्या चाकांवरून कमी होणार आणि मागच्या चाकांवर जाऊन बसणार. म्हणजे मागे पन्नास नव्हे, ऐंशी वाढणार. मागचा आस १,९५० वर जाणार, पुढचा १,४९० वर येणार. शिवाय या गाडीला ओढतात ती पुढची चाके. तीच हलकी झाली तर ओल्या चढावर घसरायची. म्हणून पाण्याच्या टाकीपासून डबाबंद खाण्यापर्यंतचे जड सामान मागे न ठेवता दोन्ही आसांच्या मध्ये ठेवायचे.

मेहुण्यांनी रात्री गाडीचे माहितीपुस्तक काढले. त्यात हेच सूत्र होते. ते धाकटीला म्हणाले, "आपांनी तोंडी सांगितले ते इथे छापलेले आहे!" भाच्याने आम्हाला 'सायन्सवाली खाला' अशी पदवी दिली. आम्ही वरवर "काही नाही रे, सहावीचे विज्ञान आहे" म्हणालो. आतून मात्र फुलून गेलो होतो. पुढे जे झाले त्याचे मूळ त्या फुलण्यात होते, हे आता कळते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सायकली चढवल्या. मेहुणे सांगत गेले आणि आम्ही हात लावत गेलो. सगळ्यांत जड सायकल आधी, म्हणजे गाडीच्या भिंतीला लागून. त्यानंतर उतरत्या वजनाने, सगळ्यांत हलकी शेवटी बाहेर. एकीचे तोंड डावीकडे तर पुढचीचे उजवीकडे, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. पायटे असे फिरवायचे की ते शेजारच्या सायकलीच्या तारांत जाणार नाहीत. टोपल्या, पंप, पाण्याच्या बाटल्या काढून गाडीत ठेवायच्या. त्यांचे वजनही होते आणि धक्क्याने त्या उडूनही जातात. प्रत्येक सायकलीची दोन्ही चाके पन्हळीत दातेरी पट्ट्याने आवळायची आणि वरून चौकटीचा एक हात येऊन सायकलीच्या दांड्याला पकडतो. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हे मेहुण्यांनी दूर उभे राहून पाहिले. नंबरप्लेट दिसली नाही तर तिथे एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

तीन सायकली बसल्या. चौथी भाचीची, नऊ किलोची, गुलाबी. तिची दांडी इतकी लहान आणि वाकडी की चौकटीचा हात तिच्यापर्यंत पोचेना. त्यात शेवटच्या पन्हळीतल्या एका पट्ट्याचे दाते झिजलेले. ओढला की सरकन मागे यायचा. सोमवारची सार्वजनिक सुट्टी होती, दुकान बंद. मेहुणे डोके खाजवत उभे राहिले. तेवढ्यात आम्हाला त्यांच्या परसातल्या खोपटात निळ्या दोरीचे भेंडोळे दिसले. आपल्याकडे नायलॉनची म्हणतात तसली, गुळगुळीत, चकचकीत. आम्ही म्हटले, "द्या इकडे. ही आमच्या अब्बांची गाठ बघा."

दोन वेढे चाकाला, एक दांडीला, एक चौकटीला, आणि मग ती गाठ. आम्ही पाय लावून ओढली. सायकल हलली नाही. मेहुण्यांनी गाठीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि म्हणाले, "वा, आपा." एवढेच.

मंगळवारी सकाळी निघालो. पंधरा-एक मैलांच्या आत हिल्टन पार्क नावाचा थांबा लागतो. तिथे क्षणभर थांबून मागे एक नजर टाकायची, असे मेहुण्यांच्या मनात होते. पण मुलांना घाई होती, अम्मीला डुलकी लागली होती, आणि आम्हीच म्हटले, "आत्ताच तर निघालो, आता पुढे थांबू." मोटरहोम चालवणाऱ्याला थेट पाठीमागचे काही दिसत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हते. मोटारीसारखा मधला आरसा उपयोगाचा नसतो, कारण मागे अख्खे घर असते. बाजूच्या आरशांत कडेचे तेवढे दिसते. मागे एक कॅमेरा होता खरा. त्याच्या समोर चार सायकली उभ्या होत्या.

चाळीसेक मैल झाले असतील. उजव्या बाजूने एक मोटारसायकलवाला आमच्या खिडकीला समांतर आला. त्याने एक हात उचलून मागे बोट दाखवले. पुन्हा दाखवले. मग हात खाली करून 'हळू, हळू' अशी खूण केली. मेहुण्यांचा चेहरा उतरला. समोर कील सर्व्हिसेस अर्ध्या मैलावर असल्याची पाटी होती. त्यांनी डावा दिवा लावला, वेग कमी करत आणला. मोटारसायकलवाला पुढे निघून गेला नाही. तो मागे पडला आणि बरेच अंतर ठेवून, दिवे चमकावत, आमच्या मागून येत राहिला. दुसऱ्या कुणी आमच्या जवळ येऊ नये म्हणून तो तसा चालला होता, हे आम्हाला नंतर कळले.

थांबल्यावर आम्ही सगळ्यांच्या आधी उतरलो. भाचीची सायकल आडवी लोंबकळत होती. मागचे चाक पन्हळीतून निघालेले, हँडल खाली, आणि ती सारी एका पट्ट्यावर तोललेली. त्याच पट्ट्यावर, ज्याचे दाते झिजले होते. निळी दोरी सैल होऊन तिचे टोक वाऱ्यावर हलत होते. अब्बांची गाठ कुठे दिसलीच नाही. जणू कधी मारलीच नव्हती.

मोटारसायकलवाल्याने हेल्मेट काढले. साठीचा, पांढऱ्या दाढीचा गोरा माणूस. तो रागावला असता तर बरे झाले असते. तो हातमोजे काढत होता आणि त्याचे हात थरथरत होते. हळू आवाजात तो एवढेच म्हणाला की, आधी त्याला वाटले वाऱ्याने चाक फिरते आहे, मग सायकल एकदम खाली आली, आणि तो तेव्हा तिच्या बराच जवळ होता. मग त्याने मुलांकडे पाहून विचारले, "यातली ही कुणाची?" भाचीने हात वर केला. तो म्हणाला, "छान सायकल आहे." आणि चहा प्यायला आत निघून गेला. आम्ही त्याला धड शुक्रियाही म्हणू शकलो नाही. घशातून आवाजच निघाला नाही.

सायकल नऊ किलोची. पण ताशी साठ मैलांच्या वाहत्या रस्त्यावर, दोन चाकांवरच्या माणसापुढे पडलेली नऊ किलोची लोखंडी वस्तू म्हणजे काय, हे गणित करायला पावतीची पाठ लागत नाही. आपण सायकल हरवली असती तर दुसरी घेतली असती. त्या माणसाची बायको, मुले, नातवंडे कुठल्यातरी घरात वाट पाहत असतील. हुकूक-उल-इबाद म्हणजे बंद्यांचे एकमेकांवरचे हक्क, हे आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा आपल्या गाठीवर हक्क असतो, हे त्या थरथरत्या हातांनी शिकवले.

मेहुणे सायकल सोडवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "आपा, चूक माझी आहे. ही दोरी धरत नाही, मला माहीत होते. काल सांगणारही होतो. पण तुम्ही अब्बांचे नाव घेतले. मोठ्या आहात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

याला आपल्याकडे लिहाज म्हणतात. मोठ्यांना उलटून न बोलणे, पाहुण्याचा मान राखणे, समोरच्याचे मन न दुखवणे. ज्या घरात लिहाज नाही त्या घरात लेक देऊ नये, असे आमच्या मोहल्ल्यातल्या बायका म्हणत. धाकटीला आम्ही असेच घर बघून दिले होते. आणि त्या लिहाजापायी एका माणसाचा जीव त्या सकाळी एका झिजलेल्या पट्ट्यावर तोलला गेला होता. मेहुणे स्वतःला दोष देत होते. पण दोष निम्मा आमचा होता, निम्म्याहून जास्त. आमचे तरफेचे गणित बरोबर आले, म्हणून आमची गाठही बरोबर असणार, असे घरातल्या सगळ्यांनी धरले आणि सगळ्यांच्या आधी आम्ही धरले. एका विषयात पहिला नंबर आला की माणूस दुसऱ्या विषयाचा पेपर न वाचताच लिहायला लागतो. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. आमच्या हातात तर सुंभही नव्हता, नुसता पीळच होता.

कारण गोष्ट साधी होती. अब्बांची गाठ सुंभाची होती. काथ्याचा सुंभ खरखरीत असतो, एक पदर दुसऱ्या पदराला चावून धरतो. जितका ओढावा तितका घट्ट बसतो. निळी दोरी गुळगुळीत. तिला धरण्यासारखे काही नसते, आणि गाडीचे मागचे टोक तर सगळ्यांत जास्त उसळते. आसाच्या मागे जितके लांब, तितका हिसका मोठा. चाळीस मैल त्या गाठीने हजारो बारीक हिसके खाल्ले आणि ती एकेक केस सरकत गेली. घर्षण हा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो.

अम्मी गाडीच्या दारात, पायरीवर बसल्या होत्या. त्या इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. आता म्हणाल्या, "तुमच्या सायकलीचे आठवते का तुला?"

आठवत नसेल कसे? १९९९ चा मे महिना. अब्बा तेव्हा मुंबईला नोकरीला होते. आम्ही सगळे सुट्टीला त्यांच्याकडे गेलो होतो. गावापासून हायस्कूल लांब, आम्ही सातवी संपवून आठवीत जाणार. मोहल्ल्यातल्या बहुतेक पोरी सातवीनंतर घरी बसत. अब्बांनी मुंबईत एक जुनी लेडीज सायकल घेतली आणि परतताना ती एसटीच्या टपावर चढवली. लाल गाडीच्या मागच्या शिडीने ते वर गेले आणि सुंभाने ती सायकल त्यांनी बांधली. रात्रभराचा प्रवास, कशेडीचा घाट, परशुरामाचा घाट. सकाळी गावच्या फाट्यावर सायकल उतरली तेव्हा तिला ओरखडाही नव्हता. अब्बांच्या गाठीची ख्याती आमच्या मनात पक्की झाली ती त्या सकाळी.

"गाठीचे काय घेऊन बसलीस," अम्मी म्हणाल्या. "त्या रात्री ते किती वेळा उतरले, तुला कुठे ठाऊक? तू झोपलेली. पेणला उतरले, माणगावला उतरले, महाडला उतरले, चिपळूणला उतरले. गाडी थांबली की शिडीने वर. दोन वेळा गाठ सोडून पुन्हा बांधली. कंडक्टर चिडला. म्हणाला, 'चाचा, तुमची सायकल कोण पळवतोय?' तर हे म्हणाले, 'पळवायची भीती नाही, पडायची आहे. मागून कुणाच्या अंगावर गेली तर?'"

आम्हाला जाग आली होती एकदा, महाडला. अब्बा जागेवर नव्हते. आम्हाला वाटले, बिडी ओढायला उतरले असतील. पंचवीस वर्षे आम्ही तसेच समजत होतो.

त्या पायरीपाशी आम्हाला अब्बा नव्याने कळले. त्यांची गाठ सुटत नसे, कारण ते तिच्यावर विश्वास ठेवत नसत. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावे, ही शिकवण मुलांना सांगताना आम्ही 'बांधावा' एवढ्यावरच थांबत आलो होतो. बांधलेला पुन्हा बघावा, हेही त्यात आलेच. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की अध्यापन कितीही रंगले तरी पाठाच्या शेवटी मूल्यमापन केल्याशिवाय पाठ पुरा होत नाही. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना मूल्यमापन हा शब्द माहीत नव्हता. ते शिडी चढत.

कीलला नवा पट्टा मिळाला नाही. मग भाचीची सायकल आत घेतली, मोरीत उभी केली आणि दोन ठिकाणी पक्की बांधली. मोटारसायकलवाला चहा पिऊन परत आला तेव्हा आम्ही पुढे होऊन, जमेल तशा इंग्रजीत, गाठ आमची होती असे त्याला सांगितले. मेहुणे मध्ये पडायला लागले, त्यांना आम्ही थांबवले. तो हसला. त्याने स्वतः मागे जाऊन उरलेल्या तिन्ही सायकली एकेक करून ओढून पाहिल्या, मान हलवली आणि गेला. त्या ओढून पाहण्यात अपमान कसला? आम्हाला तर हायसे वाटले.

पुढे केंडलला दोन नवे दातेरी पट्टे घेतले, आणि एक लांब पट्टाही, जो चारही सायकलींभोवती फिरवून चौकटीला आवळायचा. म्हणजे एखादा पट्टा गेलाच तर सायकल रस्त्यावर न पडता बाकीच्यांना टेकून राहील. मग मेहुण्यांनी आम्हाला सगळा धडा पहिल्यापासून दिला, या वेळी लिहाज बाजूला ठेवून. आकडे लावलेली इलॅस्टिकची दोरी मुख्य बांधणीला वापरायची नाही, ती ताणली जाते. पट्ट्याची उरलेली टोके गुंडाळून खोचायची, नाहीतर वाऱ्याने फडफडून ती पट्टा सैल करतात. सायकलींवर मोठे कापड झाकले तर ते शिडासारखे वारा धरते आणि दिवेही झाकते. चौकटीचे बोल्ट आतून-बाहेरून बघायचे, कारण सगळा भार शेवटी गाडीच्या भिंतीवर आणि त्या बोल्टांवर येतो. वळताना गाडीचे मागचे टोक बाहेर फेकले जाते, आणि सायकली लावल्यावर ते टोक आणखी लांब झालेले असते, हे विसरायचे नाही. पहिल्या दहा-पंधरा मैलांत थांबून बघायचे आणि मग प्रत्येक थांब्यावर. स्पेनमध्ये तर मागे बाहेर आलेल्या सामानावर पन्नास सेंटिमीटर लांबी-रुंदीची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पाटीही लावावी लागते. मेहुण्यांना एकदा कुर्तुबा आणि गरनाता बघायला ही गाडी न्यायची आहे, म्हणून त्यांनी ती माहितीही काढून ठेवली होती.

तळ्याच्या पश्चिम काठाने रे कॅसलकडे झाडांतून एक वाट जाते. तिथे भाचीने आपली गुलाबी सायकल चालवली. अम्मी बाकावर बसून बघत होत्या. परतीच्या प्रवासात प्रत्येक थांब्यावर भाची सगळ्यांच्या आधी उतरायची, मागे जायची आणि चारही सायकली ओढून बघायची. एकदा ती ओरडली, "खाला, तुमच्या बाजूचा ढिला आहे!" मेहुण्यांनी तिला डोळे दाखवले. आम्ही म्हटले, "ओरडू दे तिला."

जूनच्या मध्याला शाळा सुरू झाली. आमच्या शाळेत बऱ्याच पोरी सायकलने येतात. मागच्या कॅरियरवर दप्तर, कुणाची धाकटी बहीण, कुणाचे दळण, आणि बांधायला तीच निळी दोरी. आता शाळा सुटली की आम्ही फाटकाशी उभे राहतो आणि एकेकीचे दप्तर ओढून बघतो. पोरींना आधी गंमत वाटली, आता सवय झाली आहे. आमच्या समोर येऊन ब्रेक लावतात आणि म्हणतात, "ओढा, मिस." आपल्याकडेही आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींच्या मागे सायकली लावून जाणारे दिसतात. त्यांच्या मागून जाताना आमची नजर चौथ्या सायकलीवर असते.

पण दप्तरे तपासणे सोपे आहे. कठीण आहे ते दुसरेच. फळ्यावर आमची चूक झाली तर आमच्या वर्गात कुणी बोलत नाही. इतकी वर्षे आम्ही याला अदब समजत होतो आणि मनातून खूश होत होतो. चूक वह्यांमध्ये उतरते, वह्यांतून परीक्षेत जाते, आणि मग कळते की चाळीस पोरींनी ती पाहिली होती. या वर्षी आम्ही सहावीला साधी यंत्रे शिकवताना सांगून टाकले की ज्या दिवशी माझी चूक दिसेल आणि तुम्ही गप्प बसाल, त्या दिवशी माझा अदब झाला असे मी मानणार नाही. पोरींनी एकमेकींकडे पाहिले. कुणी काही बोलले नाही. आठवडे गेले.

मग एक दिवस शाळा सुटल्यावर आम्ही स्कूटी काढत होतो. वह्यांची पिशवी मागे अडकवलेली. सहावीतली एक लाजाळू पोर, जी हजेरीलाही तोंडातल्या तोंडात बोलते, ती सायकल घेऊन जवळ आली. बराच वेळ हँडलशी चाळा करत उभी राहिली. मग खाली बघत म्हणाली, "मिस, राग येणार नाही ना? तुमची पिशवी नीट बांधलेली नाहीये."

आम्ही स्कूटी स्टँडवर लावली, उतरलो आणि पिशवी सोडली. तिला म्हटले, "ये, धर एक टोक."